भुयारातला केर

"किडे बघायला आलेत म्हणं हे लोक. आन् आपण काल दिवसभर किडेच झाडून काढले की गं."

खिडकीच्या आतून कोणीतरी एवढं म्हणालं आणि दुसरं कोणीतरी तोंडावर पदर धरल्यासारखं हसलं. मी त्याच खिडकीखाली ओट्यावर बसले होते, सतरंजीच्या अगदी कडेला. चहा बशीत ओतलेला होता. तो तसाच हातात धरून राहिले.

समोर आमचे सर आणि त्या घरचे आप्पा बोलत होते. रस्ता कसा आहे, जिंतूरची एसटी कुठपर्यंत येते, यंदा ज्वारीवर कीड किती. आतलं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. त्या वाक्याचा अर्थ कळलेली ओट्यावर मी एकटीच होते, आणि मी अशी की चहात साखर पडली नसली तरी सांगत नाही. बशी खाली ठेवली, सरांकडे पाहिलं. ते मान हलवत आप्पांचं ऐकत होते. मध्ये बोलायला जागा नव्हती. निदान मला ती सापडली नाही.

आम्ही आलो होतो एका भुंगेऱ्यासाठी.

गावाबाहेरच्या टेकडीच्या पोटात एक भुयार आहे. पुढचा भाग कोणीतरी, कधीतरी, छिन्नीनं कोरून काढलेला. तिथं महादेवाची पिंड. मागचा भाग खडकात आपोआप झालेला, बुटका, ओला आणि काळोखा. तिथं वटवाघळं राहतात. भुयाराची देखभाल आप्पांच्या घराकडे. गावात त्यांचं कापडाचं आणि किराण्याचं दुकान, गळ्यात लिंग, घरातला पहिला दिवा भुयारातल्या पिंडीपुढे लावायचा ही पिढ्यांची रीत. आदल्या वर्षी आप्पांनी वटवाघळांच्या लेंड्यांचं एक पोतं परभणीला आमच्या कॉलेजात पाठवलं होतं. मिरचीला खत म्हणून कितपत चालेल ते तपासून हवं होतं. मातीच्या प्रयोगशाळेनं आपल्याला हवं तेवढं काढून घेतलं आणि उरलेलं पोतं आमच्या कीटकशास्त्राच्या विभागात आणून टाकलं. त्यात किडे फार होते आणि तिथं कोणाला ते नको होते.

ते निवडायला मी घेतलं. एमएस्सीच्या वर्गात मी एकटी मुलगी; बाकीचे ज्वारीच्या शेतात खोडमाशी मोजायला गेले की प्रयोगशाळेत शांतता असायची, आणि मला ती आवडायची. पोत्यात झुरळांची पिल्लं होती, अळ्या होत्या, पांढऱ्या गोचिडांसारखं काहीतरी होतं. तळाशी तो मेलेला भुंगेरा निघाला. तांदळाच्या लांब दाण्याएवढा. बशीत उसाची काकवी पातळ पसरली की दिसते त्या रंगाचा. पाय शरीराच्या मानानं फार लांब आणि बारीक, मिशा त्याहून लांब. मागचा एक पाय मोडलेला. जमिनीवर धावून शिकार करणारे भुंगेरे मी पुष्कळ पाहिले होते. ते काळे, चकचकीत असतात आणि डोळे चांगले टपोरे. याच्या डोक्यावर डोळ्यांच्या जागी काहीच नव्हतं. खाच नाही, डाग नाही, नुसतं गुळगुळीत. मी भिंग पुसून पुन्हा पाहिलं.

सरांना काय आणि कसं सांगावं ते मला जमेना. शेवटी सूक्ष्मदर्शक नीट लावून ठेवला आणि ते येईपर्यंत त्याच्याशेजारी उभी राहिले. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, कुठून आणलंस? मी पोत्याकडे बोट दाखवलं.

माझ्या न बोलण्याला लोक गर्व समजत. शाळा सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये झालेली, वसतिगृहात राहून. वडील रेल्वेत, आमचं घर पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत. सुटीत घरी यायचे तेव्हा मराठी बोलायचे ती आईची मराठी, चुलीजवळची. पुस्तकातली मराठी वाचता यायची, तोंडातून निघायची नाही. वर्गात इंग्रजी बोललं की मुलं एकमेकांकडे बघत, आईसारखं बोलले असते तर आणखी बघितलं असतं. म्हणून मी प्रत्येक वाक्य मनात दोनदा करून पाहायचे, आणि ते तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. दुसरीही एक सवय होती. आमच्या घरात बुद्धाची तसबीर आहे. नव्या ठिकाणी गेलं की 'तुमी कोणाचे' हा प्रश्न कधी येतो याची मी वाट पाहत बसते, आणि तोवर शक्यतो कोणाच्या लक्षात येऊ नये अशी बसते.

सरांनी भुंगेऱ्याबद्दल परदेशातल्या एका तज्ज्ञांना विचारलं. त्यांचं म्हणणं आलं की हा बहुधा आजवर कोणी पाहिलेलाच नाही. पण हाती आहे ती एकच मादी, तीही मोडकी, आणि तेवढ्यावर नव्या जातीचं वर्णन करणं बरं नाही. नर हवा. या कुळात वरून सारखे दिसणारे बरेच असतात. नराच्या पोटात एक बाकदार अवयव असतो, त्याचा बाक प्रत्येक जातीत वेगळा, आणि ओळख पटते ती त्यावरून. सरांनी हे मला समजावताना खिडकीबाहेरच्या बाभळीकडे पाहिलं. मीही बाभळीकडेच पाहिलं.

मग सरांनी ज्वारीची पाहणी करण्याच्या निमित्तानं विभागाची जीप मिळवली. पुन्हा मिळणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. या खेपेला नर सापडला तर ठीक, नाहीतर मादी पेटीत टाचून ठेवायची, खाली नावाची जागा कोरी ठेवायची, आणि मी खोडमाशीकडे परत. घरी कधी नवा फ्रॉकसुद्धा मी हट्टानं मागितला नव्हता. तो नर मात्र मला हवा होता. रस्ताभर मी मांडीवर कुप्यांची पेटी धरून बसले होते. दुष्काळात खडी फोडून झालेला तो रस्ता, प्रत्येक खड्ड्याला कुप्या एकमेकींवर आपटायच्या.

आणि आता खिडकीतून हे ऐकू आलं होतं.

घडलं होतं ते असं. सरांनी ग्रामसेवकाकडून निरोप धाडला होता की कॉलेजची माणसं भुयार बघायला येणार आहेत. गावानं त्याचा अर्थ लावला तो कोणत्याही गावानं लावला असता तोच. मोठी माणसं येणार, आणि आपल्या महादेवाच्या भुयारात वटवाघळांची घाण. घरच्या आणि शेजारच्या बायकांनी मिळून भुयार शेवटपर्यंत झाडलं होतं. भिंतींना चुना दिला होता. पाहुण्यांना गोचीड चावू नये म्हणून झाडायच्या आधी आणि नंतरही शेतातली किडे मारायची बीएचसीची पावडर कानाकोपऱ्यात भुरभुरली होती.

चहा झाल्यावर आम्ही टेकडीकडे गेलो. भुयाराच्या तोंडाशी सडा घातलेला, त्यावर रांगोळीचं मोठं कमळ. आप्पांनी आम्हाला ते ओलांडायला दुसऱ्या बाजूनं वाट दाखवली. चपला बाहेर काढल्या. आत पाऊल ठेवताना मी क्षणभर थांबले. आप्पा मागून म्हणाले, या या, पाय थंड लागतेत पण घाण न्हाई कुठं. खरंच नव्हती. खालचा खडक धुतल्यासारखा होता. चुन्याच्या वासात पावडरीचा तो कुबट, नाकात बसणारा वास मिसळलेला. कंदिलाच्या उजेडात सर एका जागी उभे राहिले आणि त्यांनी सगळीकडे एकदा पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी पाहिलं, पण आप्पांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, वा, फारच स्वच्छ ठेवलंय तुम्ही. मग माझ्या बाजूला येऊन इंग्रजीत, अगदी हळू, म्हणाले की आपलं काम संपलं बहुतेक.

सर पुण्याकडचे. कोणी आपल्यासाठी केलेल्या गोष्टीला वाईट म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. मला ते समजत होतं.

भुयाराच्या अगदी शेवटी छत इतकं खाली येतं की सरांना तिथं वाकता येईना. त्यांची कंबर दुखायची. मी पोटावर झोपून पुढे सरकले. तिथं खडकाला आडवी कपार आहे, हात आत जाईल पण माणूस जाणार नाही अशी. झाडू पोचला नव्हता. बॅटरी धरली तर आत लेंड्यांचा जुना थर, ओला आणि न हललेला, दिसेल तिथपर्यंत. उजेडाच्या कडेला काकवीच्या रंगाचं काहीतरी पळालं आणि गेलं. हात खांद्यापर्यंत घातला, बोटांना नुसता गार चिखल लागला.

मला खात्री नव्हती. डोळ्यांना जे हवं असतं ते अंधारात दिसतं. बाहेर आल्यावर सर म्हणाले, काही? मी मान हलवली, आणि ती हो अशी हलली की नाही अशी, ते मलाच सांगता आलं नसतं.

आप्पा मात्र ओशाळले. "ती कपारच ऱ्हायली बगा," ते म्हणाले. "झाडू जात न्हाई तिथं. जेवणं होऊ द्या, मी पंप मारून घेतो. तुमच्यासमोरच."

जेवायला भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि शेवटी मलिदा. सरांनी ताटावर आडवा हात धरला, पुरे पुरे म्हणाले, आणि आप्पांनी हाताच्या फटीतून आणखी एक भाकरी ताटात सोडली. असंच असतं. पाहुणा नको म्हणतो आणि यजमान वाढतो. दोघांनाही आपापलं काम माहीत असतं. मला आक्कांनी वाढलं, आप्पांच्या पत्नीनं, घराच्या आत, बायकांच्या पंगतीत. पाण्याचा तांब्या सगळ्यांचा एकच होता. मी तो वरून धार धरून प्यायले, पण आणखी दोघीही तशाच प्यायल्या, त्यामुळे त्यात काही दिसलं नाही.

जेवताना मी एकच विचार करत होते. झाडलेलं गेलं कुठं?

हे वाक्य छोटं होतं आणि मनात दोनदाच नाही, पुष्कळदा करून झालं होतं. हात धुताना आक्का शेजारी पाणी घालत होत्या. मी त्यांच्या हाताकडे बघत विचारलं, "भुयारातला केर कुठं टाकला?"

आक्कांनी आधी सुनेकडे पाहिलं. सून म्हणजे सकाळचं खिडकीतलं हसणं, ते मी आवाजावरून ओळखलं. बाईला बोलता येतंय की, असं काहीसं त्या नजरेत होतं. मग आक्का म्हणाल्या, टाकला कशाला, मिरचीला घालायला ठेवलाय. आणि मला परसात घेऊन गेल्या.

लिंबाच्या सावलीत ढीग होता. काळसर, भुसभुशीत, ठिकठिकाणी पावडरीचे पांढरे पट्टे. अख्ख्या भुयाराची जमीन तिथं माझ्यासमोर पडली होती. मी चिमटा आणि कुपी घेऊन दिवसभर भुयारात पालथी पडले असते तरी यातलं ओंजळभर माझ्या हाती लागलं नसतं. हे तेव्हा सुचलं, आणि तेव्हापासून मला तो ढीग वेगळाच दिसायला लागला.

चाळण मिळेल का, असं मी विचारलं. कणकेची नव्हे, मोठ्या भोकाची.

"काय हुडकायलात तुमी?" सुनेनं विचारलं.

मी पेटीतून मादी काढून दाखवली. कापसावर, काचेखाली. दोघींनी डोकी जवळ आणली. आक्कांना आधी काही दिसेना, मग भिंग दिल्यावर त्यांनी 'अगं बया' असं म्हटलं आणि बराच वेळ भिंग सोडलं नाही. ह्याला डोळे कुठं हायेत, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाहीतच. त्यावर आक्का म्हणाल्या की बरोबर हाय, महादेवाच्या पायाशी ऱ्हायचं, अंधारात, तिथं डोळ्याचं काय काम. जणू एवढी साधी गोष्ट शोधायला परभणीहून जीप यायला नको होती.

चाळण आली, सूपही आलं. नाकावर पदर बांधायला मी सांगितलं, पावडर नाकात जाईल म्हणून, आणि माझीही ओढणी बांधली. बारीक माती चाळणीखाली जायची, वर राहिलेलं सुपात घ्यायचं, हलकं पाखडायचं. सून पाखडायला बसली तेव्हा मी म्हटलं, वाऱ्यावर नको, ते फार हलके आहेत, भुशाबरोबर उडतील. मग तिनं पाखडणं सोडलं आणि सूप नुसतं हलवत निवडायला लागली, तूरडाळीतले खडे निवडावेत तसं. झुरळाचे पंख एका बाजूला, वटवाघळाची हाडं एका बाजूला. आक्का जुन्या साडीचा तुकडा मांडीवर पसरून बसल्या. थोड्या वेळानं आम्ही तिघी एकाच लयीत हलत होतो.

पहिला भुंगेरा सुनेला सापडला. मग आक्कांना. मेलेले, पण अख्खे, पाय-मिशांसकट. पावडरीनं मेलेले किडे मोडत नाहीत, आकसतात. मी प्रत्येकाला भिंगाखाली धरायचे आणि खाली ठेवायचे.

"ह्यो न्हाई का?" सून म्हणाली.

"ही मादी आहे. नर हवा."

"नर कसा वळखायचा? मिशा असत्यात का?"

मिशा दोघांनाही असतात, मी म्हटलं. नराचे पुढचे पाय बघायचे, पावलं रुंद आणि पसरट असतात.

"मंग सोपं हाय," सून सूप हलवत म्हणाली. "आमच्यातबी तसंच हाय. जे पाय पसरून ओट्यावर बसतेत ते नर."

आक्कांनी तिच्या पाठीत हलकीच थाप मारली, पण हसू त्यांनाही आवरलं नाही. मीही हसले. ओढणीच्या आतून, पण ऐकू जाईल इतकं. ओट्यावरून सरांच्या खोकल्याचा आवाज येत होता. जेवणं झाल्यावर पुरुषमंडळी तिथं लवंडली होती, आणि खरंच कोणाचे पाय जवळ नसावेत.

हसण्याच्या भरातच आक्कांनी तो प्रश्न विचारला. मान वर न करता, डाळ निवडतानाच्या आवाजात. "तू कोणाची गं, पोरी?"

सकाळपासून मी 'बाई' होते, 'तुमी' होते. आता पोरी झाले होते. म्हणून असेल, किंवा हात कामात होते म्हणून, मी वाक्य मनात करून पाहिलं नाही. पूर्णेची, मी म्हटलं. वडील रेल्वेत आहेत. आम्ही बौद्ध आहोत.

सुनेचा हात जरा थांबला. आक्कांचा थांबला नाही. त्यांनी मांडीवरचा कपडा झटकला, आपल्यापुढचं सूप उचललं आणि माझ्या पुढ्यात सरकवलं. "हे तूच बघ," त्या म्हणाल्या. "मला आता बारीक दिसंना."

नर त्या सुपात निघाला. मला आणखी चांगली गोष्ट रचता आली असती, पण झालं ते असंच. पहिल्यांदा मला वाटलं की त्याच्या पायाला माती चिकटली आहे. कुंचल्याच्या टोकानं पुसली, ती गेली नाही. पुढच्या दोन्ही पावलांचे सांधे रुंद होते, पानासारखे, आणि खालून बारीक केसांची गादी. मी श्वास धरून त्याला कुपीत घातलं. मग आणखी एक निघाला. मग मी ओढणी खाली ओढली. आक्कांनी विचारलं, झालं का मनासारखं? मी मान हलवली, आणि या खेपेला ती कशी हलली ते मला माहीत होतं.

अंगणाच्या पलीकडून पंपाचा आवाज आला. कापसावर फवारायचा, पाठीवर अडकवायचा पंप. गडी त्यात हवा भरत होता, दट्ट्याचा खर्रखर्र आवाज येत होता. मी समोर बघितलं. कापडाच्या तुकड्यावर ओळीनं मांडलेले भुंगेरे. सगळे मेलेले. भुयारातले बहुतेक सगळे इथं होते, आणि उरले असतील ते त्या कपारीत. माझ्याकडे आता मादी होती, नर होता. वर्णन लिहिता आलं असतं. पण ते वर्णन ज्याचं, तो नाव मिळायच्या आधीच संपला असता, आणि संपवलं असतं ते आमच्या पाहुणचारानं.

मी कुपी मुठीत धरून ओट्याकडे गेले.

सर उभे होते. आप्पा गड्याला औषधाचं माप सांगत होते. सर म्हणाले, राहू द्या हो आप्पा, कशाला उगाच त्रास. आप्पा म्हणाले, तरास कसला त्याच्यात, तुमी इतक्या लांबून आलात. सर पुन्हा म्हणाले, नको, खरंच राहू द्या. आप्पा हसले आणि त्यांनी गड्याला खूण केली. मला भाकरी आठवली. सर ताटावर आडवा हात धरत होते आणि आप्पा फटीतून वाढत होते. दोघंही भले, दोघंही रीत पाळत होते. सर आणखी दहा वेळा नको म्हणाले असते तरी आप्पांना ते नको म्हणून ऐकूच गेलं नसतं.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण शेवटी मला दुसरंच सांगायचं आहे. वर्णन छापून आलं. इंग्रजीत, सरांच्या आणि माझ्या नावानं, मी निबेनं काढलेल्या चित्रांसह. त्यात लांबी आहे, रंग आहे, मिशांच्या पेरांची मापं आहेत आणि तो बाकही आहे, ज्यासाठी आम्ही दोघांनी बाभळीकडे पाहिलं होतं. कुठं मिळाला याच्यापुढे 'गुहेतील केरातून' एवढंच आहे. नाव काय ठेवायचं असं सरांनी विचारलं तेव्हा मी लगेच सांगितलं. लॅटिनमध्ये सुपाला शब्द आहे, तो घेतला. जातीच्या वर्णनात सूप कोणाचं होतं ते लिहायची सोय नसते, म्हणून हे इथं, मराठीत.

त्यानंतर मी तिथं दोनदा जाऊन आले, एसटीनं आणि पुढे चालत. चुना ओलीनं पडत आला आहे, वटवाघळं परतली आहेत. भुयार अजून झाडतात, सणावाराला. पण शेवटच्या कपारीच्या अलीकडे आक्का रांगोळीची एक सरळ रेघ ओढतात आणि झाडू तिथं थांबतो. गेल्या खेपेला मी पोटावर झोपून बॅटरी धरली तेव्हा एक जण उजेडात आला, मिशा हलवत थांबला. त्याला उजेड कळला नसणारच. मग सावकाश, काही घाई नसल्यासारखा, आत गेला.

पण त्या दुपारी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. गड्यानं पंप पाठीवर घेतला होता. सरांच्या तोंडून पुन्हा एकदा 'राहू द्या' निघत होतं. खिडकीत आक्का आणि सून येऊन उभ्या होत्या. मी ओट्याच्या पायरीवर होते आणि माझ्याकडे एकही वाक्य तयार नव्हतं. इंग्रजीतलं नाही, पुस्तकातलंही नाही. जे निघालं ते आईच्या तोंडचं निघालं, आणि वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्यानं.

"आप्पा, पंप खाली ठिवा. सर लाजून न्हाई म्हणायले असं न्हाई, आमाला खरंच नको हाय. त्या कपारीत ते जित्ते हायेत, मी बघितले. त्यांला पळून जायाला दुसरी जागा न्हाई. तिथं झाडायचं न्हाई आन् पावडर टाकायची न्हाई. आमी पुन्हा येणार हाव, आन् तवा आमच्यासाठी काईबी साफ करू नका."